अनुभव धागा: नागपूर-कामठीच्या जुन्या दफनभूमी, छत्र्या आणि शिळावर्तुळं

मंडळी, थंडी सुरू झाली की जुनी थडगी आणि छत्र्या पाहायला कुठे जावं, काय पाहावं, ही विचारणा दरवर्षी होते. ज्यांना या विषयातलं पक्कं ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. शिळा कशी वाचायची, कशानं बिघडते, कुठे परवानगी लागते, असं कामाचं हवं.

सदरकर

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हाच खरा काळ. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती समाजात मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. त्याआधी गवत कापतात, थडगी धुतात, म्हणून त्यानंतरच्या दिवसांत जमीन मोकळी मिळते. त्या दिवशी मात्र कॅमेरा घेऊन जाऊ नये, माणसं आपल्या माणसांपाशी आलेली असतात. ऑक्टोबरात गुडघाभर गवत आणि रायमुनियाची (घाणेरीची) जाळी असते, त्यात खचलेल्या थडग्याची पोकळी दिसत नाही. काठीनं चाचपल्याशिवाय पाय टाकू नका. पूर्ण बूट घाला, अत्तर लावू नका, जुन्या झाडांवर आग्यामोहळ असतं.

चर्चच्या दफनभूमीसाठी त्या चर्चच्या समितीला आधी विचारावं. कामठी छावणीच्या हद्दीत ओळखपत्र जवळ हवंच, लष्करी इमारत फोटोत येऊ द्यायची नाही. बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा, किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात. गर्दी वाढण्याआधी, सकाळीच पोहोचा.

तिरपा उजेड

झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात कधीच वाचता येत नाहीत, उजेड बाजूनं घासून जायला हवा. जुन्या ख्रिस्ती पद्धतीत पाय पूर्वेकडे, म्हणून बहुतेक शिळांचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला. नागपुरात सूर्य माथ्याशी येण्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११.५७, डिसेंबरअखेर १२.१५ आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.२८ च्या आसपास. पूर्वमुखी शिळा त्याच्या अर्धा तास आधी वाचायची, पश्चिममुखी अर्धा तास नंतर. तेवढ्या वेळात जे दिसतं ते सकाळभर पाहत बसलं तरी दिसत नाही. उत्तरमुखी शिळेवर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिथे साधारण १२ बाय १८ इंचांचा आरसा लागतो. एकानं दीड-दोन मीटरवर उन्हात उभं राहून शिळेच्या पृष्ठाशी १०-१५ अंशांचा कोन धरत उजेड फेकायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचा. उजेड आधी डावीकडून, मग वरून. उभ्या रेघा एका फोटोत उमटतात, आडव्या दुसऱ्यात.

खडू, पीठ, दाढीचा फेस अक्षरांत भरू नका. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत अडकतात, फेसातली रसायनं आत मुरतात.

मजकूर उतरवताना ओळ जिथे मोडली तिथे तिरकी रेघ, शंकास्पद अक्षर चौकटी कंसात. अंदाजानं नाव पुरं करू नका. ३ आणि ८, १ आणि ७ यांचा घोळ सर्वांत जास्त होतो.

जुनी कामठी

कामठीची छावणी १८२१ ची आणि इथलं सैन्य दीर्घकाळ मद्रासचं. म्हणून शिळेवर ‘एम. एन. आय.’ दिसलं तर मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे मद्रासचं देशी पायदळ, समजा. ‘एच. ई. आय. सी.’ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. ‘एईटी’ हे लॅटिन लघुरूप, त्यापुढचा आकडा वयाचा. बरेच जण तो मृत्यूचा दिवस समजून उतरवतात.

१८१७ ची तारीख दिसली तर ती ताडून पाहा. २६-२७ नोव्हेंबर म्हणजे इंग्रज आणि भोसल्यांमधली सीताबर्डीची लढाई. त्यात मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणी आणि ६ व्या बंगाल घोडदळाच्या तुकड्या होत्या, रेसिडेंट (भोसले दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) जेंकिन्सचा साहाय्यक जॉर्ज सोदेबी तिथेच मारला गेला. १६ डिसेंबर ही शहराबाहेरची लढाई, २४ डिसेंबर हा जुम्मा दरवाजावरचा, म्हणजे आजच्या गांधी गेटावरचा, फसलेला हल्ला. तारीख आणि पलटण जुळली की एका ओळीच्या शिळेमागे पूर्ण प्रसंग उभा राहतो.

शिळा गेली असली तरी नोंद मिळू शकते. कंपनीच्या काळातल्या दफननोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. कामठीतला गोरा सैनिक नागपुरात मेला आणि नागपूर आज महाराष्ट्रात आहे, म्हणून मुंबईच्या नोंदींत शोधू नका, आधी एन/२ पाहा.

पाषाण

दगडाकडे पाहिल्याशिवाय मजकुराकडे वळूच नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे तीन गोष्टी दिसतील. काळा पाषाण: कठीण, अक्षर उथळ पण टिकाऊ. कामठी-सिलेवाड्याकडचा वालुकाश्म: कोरायला सोपा, पण ओल चढली की पापुद्र्यांनी सुटतो. आणि संगमरवर. रेल्वे नागपुरात १८६७ साली आली, त्याआधी जड संगमरवर बैलगाडीनं आणणं सोपं नव्हतं. म्हणून आधीची थडगी विटा आणि चुन्याची, पेटीच्या किंवा सुळक्याच्या आकाराची, मध्ये छोटी पाटी बसवलेली. मोठे संगमरवरी क्रूस आणि देवदूत नंतरचे. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात कारागिराचं नाव शोधा, कलकत्त्याच्या लुएलिनसारख्या कारखान्यांचा माल देशभर जात असे.

शिशाची अक्षरं हा वेगळाच आनंद. संगमरवरात अक्षर कोरून त्यात तिरपी बारीक भोकं पाडत आणि शिसं ठोकून भरत. शिसं निघालं की भोकं उरतात. ती कागदावर बिंदू म्हणून उतरवा आणि जोडा, अक्षर परत मिळतं. ‘ओ’ची भोकं गोलाईत येतात, ‘आय’ची एका उभ्या रेषेत.

बिघाड बहुतेक दुरुस्तीमुळेच होतो. चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लिंपलं की आतली ओल सांध्यातून सुटू शकत नाही. ती दगडातून सुटते, क्षार पृष्ठाखाली साठतात आणि पापुद्रा उडतो. लोखंडी पट्टी गंजली की फुगते आणि पाटी कोपऱ्यापासून तडकते. चुना किंवा ऑइलपेंट फासला की अक्षरं बुजतात, वर रंग सोलताना दगडही सोलला जातो. पिंपळाचं रोप उपटू नका, मुळासोबत विटा येतात. बुंध्याशी कापायचं आणि जाणकाराला सांगायचं.

स्वच्छता फक्त पाण्यानं आणि मऊ ब्रशनं, खालून वर, नाहीतर ओघळाचे डाग राहतात. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच अजिबात नाही. संगमरवराला बोट लावल्यावर साखरेसारखी कणी आली तर पाणीही नको, फोटो घ्या आणि निघा.

चिन्हांबद्दल थोडं

कापड टाकलेला कलश म्हणजे शोक, मोडका खांब म्हणजे अकाली मृत्यू, उलटी मशाल म्हणजे विझलेला जीव. कोकरू बहुधा मुलाच्या थडग्यावर. नांगर पाहून खलाशी समजू नका, ख्रिस्ती परंपरेत तो आशेचं चिन्ह आहे.

शुक्रवारी

गोऱ्यांच्या दफनभूमीवरच थांबू नका. भोसले राजांच्या छत्र्या शुक्रवारी भागात आहेत. छत्री म्हणजे कबर नव्हे, ते दहनस्थळीचं स्मारक. म्हणून आत शिवलिंग किंवा पादुका शोधायच्या आणि आत शिरण्याआधी जोडे काढायचे. जोत्यापासून सुरुवात करा, मग खांबांच्या तळाची केळफुलं, कमानीचे मोर, शेवटी घुमटाचा आतला भाग. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्र-सूर्य असतात. शके वाचलात की ७८ मिळवा: तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, ते शके १७७५. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात.

मुसलमानी कबरीवर उंच कलमदान (लेखणीच्या पेटीसारखा उंचवटा) असेल तर ती पुरुषाची, सपाट तख्ती (पाटी) असेल तर स्त्रीची, अशी जुनी मोगली रीत. हिजरी सनाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकानं येतो. १२३३ हिजरी म्हणजे १८१७-१८.

काटोल रोड

जुनापाणी राहूनच गेलं! शहराच्या पश्चिमेला लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले मोठे धोंडे, आहेत, तीही दफनस्थळंच. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ च्या सुमारास इथे उत्खनन केलं होतं. नागपूरचे भूशास्त्रज्ञ मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला नाल्याच्या पुरात बुडाले.

वर्तुळाच्या काही धोंड्यांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे दिसतात. तेही सकाळच्या तिरप्या उजेडातच स्पष्ट होतात. फोटोत १५ सेंटिमीटरची पट्टी आणि उत्तर दिशा दाखवा. एकही धोंडा हलवायचा नाही आणि खापराचा तुकडासुद्धा उचलायचा नाही, कारण तो कुठे पडला होता हीच त्याची अर्धी माहिती असते. पाणी माणशी दोन लिटर न्या, तिथे सावली फार कमी आहे.