थंडीत उघड्यावर झोपणाऱ्यांना मदत करायचीय, पण यावेळी नीट करायचीय. सांगली-मिरजकरांनो सांगा

खणभागचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचं गल्लीतलं छोटं मंडळ आहे. यंदा गणपतीत डीजे लावला नाही त्यामुळं वर्गणीतले एकवीस हजार शिल्लक राहिले, आणि ते थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी वापरायचे असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. गेल्या वर्षी पण केलं होतं, चाळीस ब्लँकेटं घेतली, रात्री नऊला गाडी काढली, एसटी स्टँड, सिव्हिलच्या बाहेर, घाटावर वाटली आणि दहाला सगळे घरी. फोटो पण काढले, आता ते बघवत नाहीत मला.
झालं असं की आठेक दिवसांनी पहाटेची पुण्याची गाडी पकडायला स्टँडवर गेलो तर ज्या आजोबांच्या अंगावर मी स्वतः ब्लँकेट घातलं होतं ते नुसत्या शर्टावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. विचारलं बाबा ब्लँकेट कुठंय, तर म्हणाले, "दवानं वलं झालं बाळा, जड झालं, वाळवू कुठं, दिवसभर घेऊन फिरू कुठं, टाकलं." त्यांनी तक्रार म्हणून नाही सांगितलं, मी विचारलं म्हणून सांगितलं. पण ते माझ्या डोक्यातनं जाईना.
तर यावेळी काय घ्यावं, कधी वाटावं, कुणाला खरी गरज असते? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ:
दादा, पहिलं म्हणजे तुम्ही परत विचारताय हेच लई मोठं आहे, बहुतेक लोक एकदा वाटून मोकळे होतात. मी आठ-नऊ वर्षं मित्रांबरोबर हे करतोय तर जे कळलंय ते सांगतो.
थंडी वरनं कमी आणि खालनं जास्त लागते. फरशी नाहीतर सिमेंटचा कट्टा अंगातली सगळी ऊब ओढून घेतो, वर दोन ब्लँकेटं टाकली तरी पाठ गारच राहते. त्यामुळं निम्मे पैसे अंथरायच्या वस्तूंवर घाला. मार्केट यार्डात जुनं बारदान स्वस्तात मिळतं, दोन पोती उसवून एकाला एक शिवली की मस्त अंथरूण होतं, फक्त हळदीचं घेतलं तर आधी झटकून उन्हात टाका नाहीतर रात्रभर ठसका लागतो. द्राक्षाचे पुठ्ठ्याचे खोके पण चालतात, उलगडून दोन-तीन थर टाकायचे. सगळ्यात खाली प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्रीचा तुकडा, कारण नदीकाठी पहाटे जे धुकं आणि दव पडतं त्यानं खालचं सगळं ओलं होतं. तुमच्या आजोबांचं तेच झालं.
ब्लँकेट घेताना ते मऊमऊ जाड डबलचं घेऊ नका, दिसायला भारी पण भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि दिवसा काखेत मारून फिरता येत नाही. सिंगल घ्या, हलकं घ्या. आटपाडी-जतकडं ओळख असेल तर घोंगडी बघा, टोचते, महाग पडते, पण लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, म्हातारी माणसं तर घोंगडी बघून हसतात अक्षरशः. प्रत्येकाला पाठीवर अडकवायची नाड्यांची एक पिशवी द्या, त्याशिवाय काही टिकत नाही.
आणि नऊला जाऊ नका. नऊला स्टँडवर जे बसलेले असतात त्यातले निम्मे गाडीची वाट बघणारे असतात. साडेअकरा-बाराच्या पुढं जो आडवा झालाय तो खरा तिथला. एक रात्र रिकाम्या हातानं नुसतं फिरा, बोला, मोजा, मग खरेदी करा.

मिरजेची_सिस्टर:
वरच्या दादांनी छान लिहिलंय, मी फक्त तब्येतीचं सांगते कारण दर हिवाळ्यात असे पेशंट बघते. आपल्याकडं काय थंडी असते असं लोक म्हणतात, पण उपाशी, म्हातारं, अंगात ताप, कपडे ओले, अशा माणसाला १२-१३ डिग्री पण जड जाते, त्याला बर्फ पडायची गरज नसते.
कुणी खूप कुडकुडत असेल तर ते एकवेळ बरं म्हणायचं, अंग अजून लढतंय. पण जो गार पडलाय आणि कुडकुडणं थांबलंय, बोलणं अडखळतंय, झोपेत असल्यासारखा वाटतोय, तो सीरियस आहे, लगेच १०८ ला फोन करा. तोपर्यंत ओले कपडे काढून कोरडं काहीतरी गुंडाळा, डोकं झाका, खाली काहीतरी सरकवा. हातपाय जोरजोरात चोळू नका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड कोमट चहा पाजा, गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही.
दारूबद्दल पण सांगते. प्यायल्यावर ऊब आल्यासारखं वाटतं कारण रक्त कातडीकडं येतं, पण त्यामुळंच अंगातली उष्णता जास्त बाहेर जाते. म्हणून "पिऊन पडलाय, राहूदे" असं म्हणून पुढं जाऊ नका हो, त्याला धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आणि बंद खोलीत किंवा चारी बाजूनं ताडपत्री लावलेल्या खोपट्यात कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका असं आवर्जून सांगा, त्या धुरातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो.
वस्तूंमध्ये मोजे, कानटोपी आणि व्हॅसलिन घ्याच. एका मावशींच्या टाचा मी साफ केल्या होत्या, भेगा इतक्या खोल की त्यात खडे अडकलेले. त्या म्हणाल्या, चार महिने झाले पायाला कुणी हात लावला नव्हता.

बूटवाला_मामा:
माझ्याकडं आठ-नऊ नंबरचे बूट आहेत चार जोड, चांगले आहेत, कुठं आणून देऊ?

विश्रामबाग_०७:
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. ब्लँकेटं देऊन माणूस रस्त्यावरच राहतो. महापालिकेचं बेघर निवारा केंद्र असतं की, तिकडं न्या ना त्यांना. केंद्र सरकारच्या नागरी उपजीविका अभियानाच्या (शहरातल्या गरिबांसाठीची योजना) नियमात एक लाख लोकसंख्येमागं १०० जणांची सोय असलेला निवारा, तोही बारा महिने चोवीस तास, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. सांगली-मिरज-कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या वर होतो आपण, म्हणजे पाचशे माणसांची सोय हवी. एकवीस हजारांच्या ब्लँकेटांपेक्षा मंडळानं नगरसेवकाकडं जाऊन हे मागितलेलं जास्त टिकेल.

कृष्णाकाठ:
@विश्रामबाग_०७ अगदी बरोबर आहे आणि मागितलंच पाहिजे. आम्ही पण दर थंडीत आधी निवाऱ्याबद्दल विचारतो, आजवर दहा-बारा जणांना सोडून पण आलोय. पण सगळे येत नाहीत आणि त्याची कारणं ऐकून घ्या. एकजण पहाटे चारला यार्डात हमालीला जातो, लांब झोपला तर त्याचा रोज बुडतो. एकाचं भंगाराचं पोतं, तीच त्याची कमाई, ते सोडून तो येणार नाही. एका जोडप्याला वेगवेगळं झोपायचं नव्हतं. काहींना वाटतं कागदपत्रं मागतील, भीक मागतो म्हणून पकडून नेतील. म्हणून दोन्ही चालू ठेवायचं, निवाऱ्याचं विचारत राहायचं आणि तोपर्यंत पाठीखाली पोतं द्यायचं.

तासगावची_ताई:
बायकांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. रस्त्यावरच्या बाया रात्री सलग झोपतच नाहीत, उजेडात आणि माणसांच्या वर्दळीत बसून काढतात रात्र, म्हणून तुम्हाला त्या झोपलेल्या दिसणार नाहीत. तुमच्याबरोबर दोन बायका असूद्यात, पुरुष माणूस रात्री जवळ आला की त्या आधी घाबरतात. पॅड, परकर, आतले कपडे, स्वेटर असं एका पिशवीत बांधून द्या, सगळ्यांसमोर उघडून दाखवू नका.
दवाखान्यांच्या बाहेर, खासकरून मिरजेत, पेशंटचे नातेवाईक झोपलेले असतात, कित्येक कर्नाटकातनं आलेले, त्यांना घर आहे पण इथं लॉजचे पैसे नाहीत. त्यांना पण अंथरूण द्या, जाताना ते परत ठेवून जातात, दुसऱ्याला होतं.
आणि रानात ऊसतोडीच्या कोप्या असतात मार्चपर्यंत, त्यात अंगात नुसतं झबलं घातलेली पोरं. आईबाप पहाटे तीन-चारला फडात जातात, पोरगं पाचटावर. लहान मुलांचे स्वेटर असतील तर स्टँडवर नका नेऊ, तिकडं न्या.

मिरजेची_सिस्टर:
अजून एक राहिलं. स्वतःशी बोलणारे, अंगावर कपडे न ठेवणारे जे असतात त्यांना ब्लँकेट देऊन काम संपत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, असा माणूस फिरताना आढळला तर त्याला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ११२ ला फोन करा आणि शांतपणे हे कलम सांगा. एकटे सोडून दिलेले म्हातारे असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, लहान मुलांसाठी १०९८.

खणभागचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही चौघं आणि माझी आई आणि एक मावशी रिकाम्या हातानं फिरलो, साडेअकरा ते दोन. सत्तावीस माणसं मोजली, गेल्या वर्षी आम्ही चाळीस ब्लँकेटं कुणाला वाटली देव जाणे. त्यात सहा बायका, आईमुळंच बोलल्या.
ते आजोबा भेटले. त्यांना विचारलं काय पाहिजे, मला वाटलं स्वेटर म्हणतील. म्हणाले, "दिवसा ठेवायला जागा बघ." दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या चहावाल्या काकांशी बोललो, त्यांच्या टपरीमागं पत्र्याखाली एक फळी रिकामी आहे, तिथं सात-आठ वळकट्या राहतील म्हणाले, वाळत घालायला दोरी पण बांधू दिली. आता प्रत्येक वळकटीला ओळखू यावी म्हणून वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधतोय, आजोबांनी हिरवी मागून घेतलीय.
बारदान, प्लास्टिक कागद, सिंगल ब्लँकेट, मोजे आणि नाड्यांच्या पिशव्या असा हिशोब बसलाय, घोंगड्या सध्या पाचच घेतल्यात, सगळ्यात म्हाताऱ्यांसाठी. विश्रामबाग_०७, निवाऱ्याच्या अर्जाचा मसुदा तुम्ही लिहून द्याल का? आम्ही सह्या गोळा करतो. बूटवाले मामा, बूट काकांच्या टपरीवर आणून द्या, आठ नंबरची दोन माणसं आम्ही बघून ठेवलीत.