मदत हवी आहे: गाठच पांढऱ्या पेशींना मारत असेल तर काढ्याने प्रतिकारशक्ती वाढवून काय होणार?

नमस्कार मंडळी,

माझी मावशी चोपडा तालुक्यातली. स्तनाचा कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह (गाठीच्या पेशींवर हार्मोनचे दोन्ही आणि एचईआर२ हे रिसेप्टर नसलेला), म्हणून हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत. जळगावला केमो सुरू आहे. घरी रोज कुणीतरी गुळवेलीचा काढा आणून देतं, "प्रतिकारशक्ती वाढली की गाठ विरघळते" म्हणतं, आणि मावशी आलेल्या माणसाचं मन मोडायला नको म्हणून त्याच्यासमोरच पेला रिकामा करते. मला काळजी वाटते. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे, आणि केमोची बरीच औषधंही यकृतावरच भार टाकतात.

मी वाचलं ते असं. टी-पेशी (पांढऱ्या पेशींमधल्या लढणाऱ्या पेशी) गाठीपर्यंत पोचतात, पण गाठीतल्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिन त्यांच्यावरच्या पीडी-१ या रिसेप्टरला चिकटलं की त्या थंड पडतात. (पीडी-१ शोधणाऱ्या होंजोंना २०१८ चं नोबेल मिळालं.) याहून वाईट म्हणजे काही गाठी फास लिगँड नावाचं प्रथिन बाळगतात. टी-पेशीवरच्या फास रिसेप्टरला ते लागलं की पेशीच्या आतली कॅस्पेज एन्झाइम्स जागी होतात आणि ती स्वतःलाच संपवते. लढायला तयार झालेली टी-पेशीच यात आधी बळी पडते. गाठीतलं गॅलेक्टिन-१ हे प्रथिनसुद्धा टी-पेशींना असंच मारतं. मग नुसत्या पेशी वाढवून उपयोग काय? त्या तिथे जाऊन मरणारच ना?

मागच्या केमोनंतर पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या, इंजेक्शन द्यावं लागलं. मावशी म्हणते, "मन्या पेशी त्या गाठनीच खाई टाक्यात." माझ्या समजुतीने तो केमोचा अस्थिमज्जेवरचा परिणाम आहे, गाठीचा मारा गाठीच्या आसपासच चालतो. हे बरोबर आहे का? तिला पटेल असं कसं सांगू?

दुसरं, बायोप्सीच्या रिपोर्टात टीआयएल, म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट्स (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी), ५ टक्के लिहिलंय. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्या जास्त असलेल्या बऱ्या, एवढं कळलं. कमी असतील तर उपचार बदलतात का?

तिसरं, पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे टी-पेशींवरचं पीडी-१ अडवून त्यांना थंड पडू न देणारं औषध. आजार पसरलेला असेल तर आधी पीडी-एल१ तपासतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला ऑपरेशनआधी केमोसोबत ते तपासणीच्या निकालावर न अडता देतात, असं वाचलं. मावशी दुसऱ्या स्टेजला आहे. औषध भयंकर महाग, आणि मावसा कापूस विकून किती पैसा उभा करणार! खान्देशातून टाटा मेमोरियलला जाऊन कुणी हे औषध घेतलंय का? कंपनीच्या मदत योजनेसाठी कागदपत्रं कुठली लागली?

पुढची केमो सोमवारी आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर डॉक्टरांना नेमकं विचारता येईल.