‘आर्ट फेअर’ला मराठीत काय म्हणावे? महोत्सव, मेळा, बाजार की जत्रा?

प्रश्न (ठाणे)

एका माहितीपत्रकाचे मराठी करायचे आहे. मथळ्यात ‘इंटरनॅशनल कंटेम्पररी आर्ट फेअर’ आहे आणि खाली त्याचे ‘कल्चरल प्रोग्राम्स’. ‘आंतरराष्ट्रीय समकालीन कला महोत्सव व सांस्कृतिक कार्यक्रम’ असे झटकन सुचते. व्याकरणाला काही बाध नाही, पण अर्थ हुकतो. कला महोत्सव म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे काळा घोडा येतो आणि सांस्कृतिक कार्यक्रम म्हटले की शाळेचे स्नेहसंमेलन. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर किंवा २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरणारा आर्ट मुंबई, दोन्ही त्यात बसत नाहीत. ‘कलामेळा’ वाचनात आला आहे, पण तोही मनाला पटत नाही. जाणकारांनी सांगावे.

सातारा

‘कलामेळा’ हिंदीतून आला म्हणून परका वाटत असणार. ललित कला अकादमीचा ‘राष्ट्रीय कला मेला’ जुना आहे, त्याचेच हे मराठी रूप. हिंदीत मेला म्हणजे जत्राच. मराठीत मात्र ‘मेळा’ निराळ्या वाटेने गेला. कुंभमेळा सोडला तर आपल्याकडे मेळा म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा संच. सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे असत ते हे. ‘मेळावा’ केला तर शिवाजी पार्कचा दसरा मेळावा आठवतो, म्हणजे सभा आली. विकत घेण्याची गोष्ट दोन्हींत नाही.

‘प्रदर्शन’ का नको? कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टर पाहतात आणि घेतातही.

मुंबई

एका आर्ट गॅलरीत नोकरी करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ठाण्याच्या ताई, आधी ही गोष्ट चालते कशी ते पाहू, म्हणजे शब्द आपोआप सुचेल.

आर्ट फेअरमध्ये सहभागी होतात त्या मुख्यतः गॅलऱ्या, एकेकटे चित्रकार नव्हेत. गॅलरीने अर्ज करायचा, निवड समितीने पसंत केले तर जागा मिळते आणि जागेचे भाडे चौरस मीटरवर आकारतात. चित्रांची वाहतूक, विमा, माणसांचा प्रवास हे वेगळे. एवढा खर्च चार-पाच दिवसांत वसूल व्हायचा असतो. म्हणून सर्वांसाठी दारे उघडण्याआधी निमंत्रित संग्राहकांना बोलावतात आणि मोठे सौदे बरेचदा तेव्हाच ठरतात. काही तर चित्रे भिंतीवर लागण्याआधीच, नुसत्या छायाचित्रांवरून ठरलेले असतात.

‘प्रदर्शन’ त्यामुळे अपुरे पडते. प्रदर्शन एका चित्रकाराचे असते किंवा एखाद्या विषयावर चित्रे निवडून मांडलेले असते. ती निवड करणाऱ्या क्युरेटरला मराठी कलासमीक्षेत ‘गुंफणकार’ म्हटलेले वाचले आहे, फार बोलका शब्द आहे. फेअरला सबंध गुंफण नसते. प्रत्येक गॅलरी आपापल्या चौकटीत आपापले मांडते.

‘महोत्सव’ही नको. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, पणजीचा सेरेंडिपिटी २०१६ पासून. दोन्हींचा जीव लोकांनी येऊन पाहण्या-ऐकण्यात आहे. १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेले कोची-मुझिरिस हे बिएनाले, म्हणजे द्वैवार्षिक महाप्रदर्शन. तिथे कलाकृती विक्रीला नसतात. ही सीमारेषासुद्धा आखावी लागली आहे. व्हेनिसच्या बिएनालेचे स्वतःचे विक्री कार्यालय होते. १९६८ च्या निदर्शनांनंतर ते बंद झाले.

याच काळात दुसरीकडे जर्मनीतल्या कोलोनमध्ये १९६७ साली १८ गॅलऱ्यांनी मिळून पहिला आधुनिक आर्ट फेअर भरवला. त्यांनी नाव काय ठेवले? ‘कुन्स्टमार्क्ट’. म्हणजे सरळ कलाबाजार! तीन वर्षांनी, १९७० साली, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या तीन गॅलरीचालकांनी आर्ट बाझल सुरू केला. पहिल्याच वर्षी १० देशांतल्या ९० गॅलऱ्या आल्या.

मला कोलोनचा तो सरळपणा आवडतो. आपल्याकडे चित्र विकले जाते हे बोलायला लोक संकोचतात आणि त्याचा त्रास शेवटी चित्रकारालाच होतो. अनुवादात तरी विक्री झाकून ठेवू नये.

सातारा

मुद्दा पटला, पण ‘कलाबाजार’ छापू नका. ‘आठवडी बाजार’, ‘शेअर बाजार’ यांत वावगे काही नाही, कारण तिथे विकायचेच असते. ज्या गोष्टीला आपण मान देतो तिच्यापुढे ‘बाजार’ लागला की आरोप होतो. ‘शिक्षणाचा बाजार मांडलाय’ म्हणतो ना, तसे. ‘कलाबाजारात अमुक देशांचा सहभाग’ या वाक्यात आपण सहभागींना नावे ठेवतो आहोत असे वाटेल.

आणि महोत्सवात विक्री नसते असेही नाही. आंबा महोत्सव, तांदूळ महोत्सव हे काय आहेत? तिथे कोणी आंब्याचे दर्शन घ्यायला जात नाही, पेटी घेऊन येतात. ‘सवाई गंधर्व महोत्सव’ ऐकायचा असतो. म्हणजे पुढचे नाम कोणते त्यावर महोत्सवाचा अर्थ फिरतो. ‘कला’ शब्दापुढे तो सवाईच्या बाजूला झुकतो, एवढे मात्र खरे.

म्हापसा

आमच्याकडे याला तयार शब्द आहे. चर्चचे फेस्त, म्हणजे सण, असते तेव्हा बाहेर दुकाने लागतात त्याला ‘फेस्ताची फेरी’ म्हणतात. ही फेरी पोर्तुगीज ‘फैरा’वरून आलेली, आणि फैराचे मूळ लॅटिन ‘फेरिया’, म्हणजे सणाचा दिवस. इंग्रजी ‘फेअर’ही त्याच मुळाचा. माद्रिदचा आर्ट फेअर ‘आर्को’ १९८२ पासून भरतो, त्याच्या पूर्ण स्पॅनिश नावातही ‘फेरिया’ आहे. २००९ साली आर्कोचा पाहुणा देश भारत होता.

म्हणजे देव, सण आणि खरेदी यांची सांगड युरोपातही आहे. मराठीत हे तिन्ही ज्या शब्दात नांदतात तो एकच: जत्रा. यात्रेची जत्रा झाली, देवाच्या भोवती दुकाने आली, खेळ आले, रात्री दशावतार आला. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाणाऱ्याला धोंडांचे, म्हणजे देवीच्या भक्तांचे, व्रत आणि मिठाईची दुकाने यांत विसंगती दिसत नाही. तुमच्या माहितीपत्रकातले कार्यक्रमही जत्रेत सहज सामावतात. माझे मत ‘कलाजत्रा’.

बाझल (स्वित्झर्लंड)

म्हापशाच्या मुद्द्याला इथून दुजोरा. जर्मनमध्ये व्यापारी प्रदर्शनाला ‘मेस्से’ म्हणतात आणि चर्चमधल्या प्रार्थनेलाही ‘मेस्से’च. संतांच्या सणाला प्रार्थना आटोपली की बाहेर बाजार भरे, म्हणून एक शब्द दोन्हीकडे राहिला. आर्ट बाझल जिथे भरतो तो चौक ‘मेस्सेप्लाट्झ’, आणि हा शब्द उच्चारताना आज कोणाच्या मनात चर्च येत नाही. ‘जत्रा’ही तशी सुटी होऊ शकते.

एक भर घालतो. आर्ट बाझलमध्ये सगळे एका सभागृहात कोंबलेले नसते. गॅलरीच्या चौकटीत, म्हणजे बूथमध्ये, मावत नाहीत अशा अवाढव्य कलाकृतींसाठी २००० पासून ‘अनलिमिटेड’ हा स्वतंत्र विभाग आहे. ‘पार्कूर’ विभागातली कामे गावात, रस्त्यांवर असतात. तिकीट न काढताही पाहता येतात. ‘कॉन्व्हर्सेशन्स’मध्ये चित्रकार, संग्रहालयांचे लोक, संग्राहक बोलतात. याला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणाल तर मराठी वाचक नाच-गाण्यांची वाट पाहील.

पुणे

‘जत्रा’ला माझाही पाठिंबा. पुण्यात भीमथडी जत्रा भरते. बचतगटांच्या वस्तू, खाद्यपदार्थ, लोककला सगळे असते. ग्रामदेवता नाही, तरी जत्रा म्हणताना कोणी अडखळत नाही. शब्द शहरात रुळला आहे.

‘समकालीन’वर मात्र कोणीच बोलले नाही. मराठीत समकालीन हा शब्द कोणाचा तरी असतो: नामदेव हे ज्ञानेश्वरांचे समकालीन. नुसते ‘समकालीन कला’ म्हटले की वाचक मनात विचारतो, कोणाशी समकालीन? आणि ‘आधुनिक’ लिहिले तर तो अगदी ताजे असे समजतो. चित्रकलेत नेमके उलटे आहे. १९४७ च्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटाची चित्रे आधुनिक, आणि आज चाळिशीत असलेल्या चित्रकाराचे काम समकालीन.

मुंबई

‘समकालीन’ ठेवावे. कलेच्या क्षेत्रात पक्का रुजला आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘आजच्या चित्रकार-शिल्पकारांची’ असे जोडून द्यावे, म्हणजे सामान्य वाचकाचीही सोय होते.

‘कलाजत्रा’ बोलण्यात मला फार आवडेल. नाव जत्रेचे दिले म्हणजे जत्रेइतके मोकळे दार मिळत नाही, तिथे तिकीट असते, ही एक अडचण. पण इंडिया आर्ट फेअरनेही शब्द बदललेलाच आहे. २००८ साली प्रगती मैदानावर सुरू झाला तेव्हा नाव होते ‘इंडिया आर्ट समिट’. २०१२ पासून ‘फेअर’. समिट, म्हणजे परिषद, यातून विक्रीचा बोध होत नव्हता. कार्यक्रमांत परिसंवाद आजही असतातच, पण मुख्य काय ते नावातून कळते.

आता कार्यक्रमांकडे वळू. साहित्य संमेलनाने आपल्याला ही सगळी भाषा घडवून दिली आहे: परिसंवाद, प्रकट मुलाखत, अभिवाचन, ग्रंथप्रदर्शन. फरक इतकाच की संमेलनात परिसंवाद मुख्य आणि पुस्तकांचे गाळे सोबतीला. इथे गाळे मुख्य आणि परिसंवाद सोबतीला. सोबतीला म्हणजे कमी मोलाचे नव्हे. कलाकृती घेण्याची ऐपत नसलेले विद्यार्थी, शिक्षक, नवे चित्रकार यांना यातूनच काही घेऊन जाता येते, आणि संग्रहालयाची माणसे येतात म्हणून संग्राहकही येतात. मी ‘परिसंवाद व कलाविषयक उपक्रम’ लिहीन. तपशिलात चित्रकारासोबतचा फेरफटका, कार्यशाळा, मांडणशिल्प असे प्रत्येकाचे नाव घ्यावे. ‘मांडणशिल्प’ हा तर इन्स्टॉलेशनसाठी आपल्याकडचा सुरेख शब्द आहे.

एक जागा मात्र सांभाळा. ‘गॅलरी’चे सरसकट ‘कलादालन’ करू नका, घोटाळा होईल. १९५२ पासूनचे जहांगीर कलादालन आठवा. तिथे चित्रकार अर्ज करतो, भाडे भरतो, आठवडाभर दालन मिळते. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी केमोल्ड सुरू केली. ती चित्रकार निवडते, वर्षानुवर्षे त्याच्या पाठीशी उभी राहते, चित्र विकले की आपला वाटा घेते. जहांगीर आहे ती वास्तू आणि केमोल्ड ही पेढी. फेअरला जातात त्या पेढ्या.

ठाणे

फार उपयोग झाला. मथळा असा करते: ‘समकालीन कलेची आंतरराष्ट्रीय जत्रा: परिसंवाद आणि उपक्रमांसह’. आतल्या मजकुरात आयोजकांचे अधिकृत नाव ‘आर्ट फेअर’ तसेच राहील, आणि गॅलरीला ‘गॅलरी’च. ‘बूथ’चे काय करू? गाळा की दालन?

सातारा

‘गाळा’. ग्रंथप्रदर्शनात चालतो, इथेही चालेल. क्रमांकासह लिहा, ‘गाळा क्र. १२’ असे.

मुंबई

आम्ही आपसात बूथच म्हणतो, पण छापताना गाळा चांगला. ‘दालन’ नकोच, कलादालनाचे दालन वाचून माणूस गोंधळेल.