600 मिमीवर चंद्र मऊ येतोय: फोकस चुकतोय की लेन्सच खराब?

खाडीकाठ (कोपरखैरणे):
150-600 मिमी झूम लेन्स, 24 मेगापिक्सेलची एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी. पौर्णिमेला चंद्र पारसिकच्या डोंगरावर आला की तासाभरात सोसायटीच्या गच्चीवरून फोटो काढतो. ट्रायपॉड, एफ/8, 1/250, आयएसओ 200, स्टॅबिलायझेशन (हादरे भरून काढणारी यंत्रणा) चालू. एक्स्पोजर बरोबर आहे, पण विवरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लागोपाठच्या दोन फ्रेमही सारख्या येत नाहीत, चंद्राची कड दर वेळी वेगळ्या जागी लाटेसारखी वाकते. लेन्स दुरुस्तीला द्यावी का?

येऊरची_वाट:
अजिबात देऊ नका. फोकस किंवा लेन्स बिघडली असती तर सगळ्या फ्रेम सारख्याच मऊ आल्या असत्या. वाकणारी कड म्हणजे थरथरणारी हवा. चंद्र क्षितिजापासून 10 अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा पाचपटीहून जास्त हवेतून येतो, 30 अंशांवर दुप्पट. त्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीखालच्या पूर्वेकडच्या भिंतीवर एसीची आउटडोअर युनिट असतील तर तो गरम झोत थेट लेन्ससमोरून वर जातो. त्या कठड्यापासून लांब, शक्यतो मातीवर किंवा गवतावर उभे राहा आणि चंद्र 45 अंशांच्या वर जाऊ द्या.

आणि पौर्णिमा सोडा! ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, विवरं सपाट दिसतात. शुद्ध अष्टमी घ्या. चैत्रातली, म्हणजे रामनवमीच्या आदली संध्याकाळ, तर सोनं: सूर्यास्ताला चंद्र जवळपास डोक्यावर असतो. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेलगत टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाखेल ही तीन विवरं एका रांगेत दिसतात. तुमच्या सेन्सरवर चंद्राची रुंदी साधारण 1,400 पिक्सेल आणि टॉलेमियसची 60 पिक्सेलच्या आसपास भरेल. अपेक्षा तेवढीच ठेवा.

ट्रायपॉडप्रेमी_ठाणे:
हवेचं पटलं, पण स्टॅबिलायझेशन बंदच करा. ट्रायपॉडवर काही लेन्समध्ये ते स्वतःच चित्र हलवतं. मधला दांडा खाली, गळपट्टा काढलेला, टायमर 2 नव्हे, 10 सेकंदांचा. लेन्स वर रोखली की झूमची नळी वजनाने घसरते आणि फोकसही जातो, म्हणून 600 वर लॉक लावा. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू 10 पट मोठा करून, सावलीच्या सीमेवरच्या विवरावर. अनंताच्या खुणेवर विसंबू नका, लेन्स त्याच्याही पुढे फिरते. दर 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

खाडीकाठ:
अष्टमीला एक्स्पोजर किती? फ्रेम किती घ्याव्यात?

येऊरची_वाट:
एफ/8, आयएसओ 400, 1/200 पासून सुरुवात करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकू देऊ नका. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) 100 फ्रेम घ्या. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून मधूनमधून पुन्हा मध्यावर आणा. मग संगणकावर: फ्रेम टिफ फाइलमध्ये बदलून पिप या सॉफ्टवेअरमध्ये मध्यावर जुळवा, फ्रेम एकावर एक रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये उत्तम 20-25 टक्केच ठेवा, मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट (बारकावे उठावदार करणारं शार्पनिंग). कडेभोवती पांढरी रेघ उमटली की शार्पनिंग जास्त झालं, दोन पावलं मागे या.