गुहागरच्या घरासाठी छोटी गाडी: आय-ट्वेंटी, स्विफ्ट की बाबांची वॅगन-आर?

प्रेषक: गुहागर वरचा पाट, सध्या रेडिंग (इंग्लंड)

मंडळी, नमस्कार.

आई-बाबांची जुनी गाडी यंदा काढायचीच, असं ठरलंय. बाबा सत्तरी ओलांडलेले, पण अजून स्वतः चालवतात. बाजार, बँक, मधूनमधून चिपळूणला डॉक्टर. आम्ही चौघं वर्षातून एकदा जातो, जमलं तर गणपतीत, नाहीतर आंब्याच्या दिवसांत.

भाऊ म्हणतो आय-ट्वेंटी. बायको म्हणते स्विफ्ट, कारण इथे तीच आहे आणि तिचा हात बसलाय. बाबांचं उत्तर ठरलेलं: "वॅगन-आर घे आणि गप्प बस." मला ती दिसायला बिलकूल आवडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, वरचा सेसही गेला. मग वाचलेल्या पैशांत जरा देखणी गाडी का घेऊ नये? गावाकडे अलीकडे कोणी घेतली असेल तर सांगा.

---

प्रेषक: मालवण, सध्या लेस्टर

दादा, बाबांचा मान राखून लिहिते, पण वॅगन-आर नको. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये तिला पाचपैकी एकच तारा दिला होता. त्याच संस्थेने २०२० मध्ये टाटाच्या अल्ट्रोझला पाच दिले. महामार्गावर रात्रीचे ट्रक कसे येतात ते तुला माहीत आहे.

आणि दिसण्याचं म्हणशील तर अल्ट्रोझ उभी राहिली की लोक वळून बघतात. दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, त्यामुळे साडी सावरत मागे बसायला आईला बरं. लांबी ३९९० मिमी, बलेनोचीही तेवढीच, आय-ट्वेंटी ३९९५. तिघी चार मीटरच्या काठावर येऊन थांबतात त्याचं कारण २००६चं बजेट. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी, हा नियम तेव्हा आला तो आजतागायत आहे. इथली पोलो चार मीटरच्या पुढे गेलीय, तिला तिकडे ही सवलत मिळालीच नसती.

माझं मत अल्ट्रोझला. माझ्या घरचं विचारशील तर आमचे आजोबा एवढंच म्हणाले, "गाडी ठेवतलंस खंय?"

---

प्रेषक: असगोलीहून काका

आजोबांचाच प्रश्न पहिला. गावी परत आलो तरी मंडळाची लिस्ट काही सुटत नाही, म्हणून लिहितो.

आधी बाबांना फोन करून बेड्याची, म्हणजे आवारात शिरायच्या वाटेची, रुंदी मोजायला सांग. वरच्या पाटातली जुनी घरं रस्त्यापासून आत, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून बोळ. ही वाट बैलगाडीच्या हिशोबाने सोडलेली. आय-ट्वेंटी १७७५ मिमी रुंद, स्विफ्ट १७३५, वॅगन-आर १६२०, अल्टो के-टेन तर १४९०. हे आकडे आरसे सोडून आहेत, तेव्हा दोन्हीकडचे आरसे वेगळे धरायचे. कॅटलॉगमध्ये सगळे लांबी बघतात. आमच्याकडे गाडी घासते ती रुंदीने. चिरा मऊ दिसतो, पण दाराचा पत्रा असा सोलतो की खालचं प्रायमर दिसतं. गुहागरात डाव्या दारावर लाल ओरखडा असलेली गाडी दिसली की ओळखावं, मुंबईकर आलेत.

ग्राउंड क्लिअरन्सवरून वाद घालू नकोस. या सगळ्या गाड्या साधारण १६० ते १७० मिमीच्या आत आहेत. फरक पडतो पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतराने. रस्त्यावरून अंगणात उतरताना जो उंचवटा असतो, त्यावर लांब गाडीचं पोट टेकतं. आय-ट्वेंटीचं ते अंतर २५८० मिमी, वॅगन-आरचं २४३५.

आता डिकी. वॅगन-आर स्विफ्टपेक्षा वीसेक सेंटिमीटरने आखूड, पण डिकी ३४१ लिटर, स्विफ्टची २६५. उंची १६७५ मिमी आहे, तिथे जागा मिळते. आंब्याच्या पेट्या एकावर एक उभ्या रचता येतात. गणपतीच्या शाळेतून (मूर्तीच्या कारखान्यातून) मूर्ती आणताना मांडीवर घेऊन मागे बसणाऱ्याला छताची चिंता नसते, मुकुट वाचतो. तुला जो डबा वाटतो त्याचा उपयोग हा. आणि तुझ्या बाबांना त्यात वाकून बसावं लागत नाही, सीट सरळ कमरेच्या उंचीला येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही गोष्ट अलॉय व्हीलपेक्षा मोठी.

एकच सांगतो, एक लिटरचं इंजिन घेऊ नका, १.२ घ्या. चौघं, एसी आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट चढताना एक लिटरवाली दुसऱ्या गिअरमध्ये रडते. पाय वाचवायचा असेल तर एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी, बघा, चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून हिल होल्ड आहे त्यात. गिअर बदलताना किंचित डुलते, सवय होते.

सीएनजी घ्यायचा मोह आवरा. टाकी डिकीतच बसते आणि पेट्यांची जागा जाते. टाटाने दोन छोट्या टाक्या तळाशी बसवून हा प्रश्न बराच सोडवलाय, पण तरी अल्ट्रोझची डिकी ३४५ वरून २१० लिटरवर येते.

दुरुस्तीचं म्हणाल तर शृंगारतळीतला साधा मेकॅनिकसुद्धा मारुती डोळे मिटून खोलतो. माझी आधीची गाडी दुसऱ्या कंपनीची, नाव घेत नाही. एका सेन्सरसाठी ती महिनाभर अंगणात उभी होती आणि आम्ही एसटीने फिरलो.

तुम्ही परत गेल्यावरची व्यवस्थाही आत्ताच ठरवा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायची, नाहीतर बॅटरी बसते आणि सीटवर बुरशी धरते. उंदीर वायरी कुरतडतात, त्यासाठी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात लोक. आमच्याकडच्या उंदरांना ती पानं आवडतात असं माझं निरीक्षण आहे. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर आणि खालचे नट-बोल्ट आधी खातात, म्हणून खालून गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्यायचा. आणि मुलांना पुळणीवर गाडी घालू देऊ नका. मऊ वाळूत रुतते, मग भरती चढायच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. दर मे महिन्यात हा तमाशा असतो.

---

प्रेषक: मालवण, सध्या लेस्टर

काका, सगळं पटलं, पण ताऱ्यांवर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

---

प्रेषक: असगोलीहून काका

ताई, मुद्दा बरोबर आहे, त्याला उत्तर नाही. २०२५ पासून वॅगन-आरला सहा एअरबॅग सरसकट मिळतात, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. बाबा रोज मुंबई गाठत असते तर मीही अल्ट्रोझच म्हटलं असतं. ते शृंगारतळीपर्यंत चाळीसच्या वेगाने जातात आणि मागच्याचा हॉर्न त्यांना ऐकू येत नाही. मधला मार्ग हवा असेल तर टाटाची टियागो बघा. २०२०च्या चाचणीत चार तारे, रुंदी १६७७ मिमी. डिकी मात्र २४२ लिटर, पेट्या मांडीवर घ्याव्या लागतील.

---

प्रेषक: गुहागर वरचा पाट, सध्या रेडिंग

काका, ताई, आभार. बाबांनी आज टेप लावली. बेड्यात दोन खांबांमध्ये सात फूट भरले, पण आतल्या वळणावर विहिरीच्या कठड्यापाशी साडेसहाच. आरसे धरून आय-ट्वेंटी तिथे बसणार नाही, भावाला तसं कळवलंय. तो म्हणतो कठडा फोडू. आई म्हणते आधी तुला फोडते.

वॅगन-आर १.२ आणि टियागो, दोन्ही एएमटी, बाबा पुढच्या आठवड्यात चिपळूणला चालवून बघणार आहेत. आईला सोबत न्यायला सांगितलंय, मागे ती बसून बघेल. काका, तुम्हाला त्या दिवशी वेळ असेल तर जाल का बरोबर? सेल्समनसमोर बाबा फार लवकर हो म्हणतात. त्यांचा नंबर लिस्टवर टाकत नाही, तुम्हाला वेगळा पाठवतो.