मदत हवी आहे: चाळीतला रोज एक फोटो. तारखा गेल्या, आणि माणसं सावरून बसायला लागली

नमस्कार मंडळी,

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. १९२० च्या दशकातली इमारत, तळमजला अधिक तीन, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात आमचीही इमारत जाणार. नवं घर मोठं मिळेल याचा आनंद आहेच, आई तर देव्हारा कुठल्या भिंतीला लावायचा हे आत्तापासून ठरवतेय. पण हा मधला पॅसेज आणि दोन्ही बाजूंची समोरासमोर उघडी दारं पुन्हा दिसायची नाहीत. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून रोज एक फोटो काढते. गणपतीचे, होळीचे, लग्नाचे फोटो सगळ्यांकडे आहेत. मला हवेत ते साध्या मंगळवारचे: पाणी आल्यावर भरलेली पिंपं, दाराबाहेरच्या चपला, पॅसेजमध्ये निवडायला घेतलेली मेथी.

आता अडचणी सांगते.

२० मेला फोन मोरीतल्या बादलीत पडला आणि गेला. बॅकअप ६ एप्रिलपर्यंतचाच होता. स्टोरेज भरलं म्हणून पुढे होतच नव्हता आणि मी बघू, करू म्हणत राहिले. रोजचा फोटो नाशिकला बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय होती, त्यामुळे ७ एप्रिल ते १९ मे असे ४३ फोटो तिच्या गॅलरीत वाचले. पण तिने चॅट साफ केलंय. तिच्याकडून सगळे एकदम मागवले, तर माझ्या फोनमध्ये सगळ्यांवर एकच तारीख! कुठला कधीचा हे कळायला काही मार्ग आहे का?

दुसरं, पॅसेजमध्ये दिवसाही ट्यूबलाइट लागते. हात हलते असले की फोटो पुसट येतो, कधी आडवे काळपट पट्टे येतात. नाइट मोडवर तर आणखी बिघडतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलंय. समोरच्या खोलीतल्या आजी रोज संध्याकाळी दारात पाट टाकून भाजी निवडतात. मेथीची जुडी सोडली की आधी पिवळी पानं बाजूला, मग देठ नखाने खुडायचं, पानं परातीत, मुळं वर्तमानपत्रावर. फेब्रुवारीत मी त्यांचा असा एक फोटो काढला, अगदी मनासारखा. तेव्हापासून मी फोन घेऊन आले की परात आत जाते, आजी पदर सारखा करतात आणि मांडीवर हात ठेवून ताठ बसतात. त्यांना "नका हो असं बसू" म्हणायला जीभ रेटत नाही. आता हळूहळू सगळा मजलाच सावरून बसायला लागलाय.

आणि मार्चमध्ये आई हॉस्पिटलमध्ये होती, ते नऊ दिवस फोटोच नाहीत. ते दुसऱ्या फोटोंनी भरून काढू का?

प्रतिसाद १
तारखांचं आधी. बहिणीचा फोन अँड्रॉइड असेल तर काम सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली मूळ तारीख काढून टाकतं, पण फोटो ज्या दिवशी फोनमध्ये येतो त्या दिवसाची आठ आकडी तारीख फाइलच्या नावात घालतं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तुमच्याकडे फॉरवर्ड होताना नाव नव्याने पडलं, म्हणून सगळे एकाच दिवसाचे दिसतात. बहिणीला गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स'मध्ये नाव बघायला सांगा. इथून पुढे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल तारखेसकट जाते. आणि बॅकअप आजच सुरू करा. एक फोटो चार एमबीचा धरला तरी वर्षाचे दीड जीबीच्या आसपास होतात, साध्या पेनड्राइव्हवर मावतील. एक पेनड्राइव्ह घरी, एक नाशिकला.

प्रतिसाद २
पट्टे ट्यूबलाइटमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला कळत नाही एवढंच. फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातील आणि निवडणारे हातही बऱ्यापैकी स्थिर येतील. अंधार वाटला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. नाइट मोड बंदच ठेवा, तो जास्त वेळ प्रकाश गोळा करतो आणि तेवढ्या वेळात हात हलतो. शक्य तेव्हा खोलीच्या खिडकीचा उजेड दारातून बाहेर पडतो त्या टापूत माणूस येईल असं उभं राहा.
लोकांचं म्हणाल तर फोन कमरेपाशी धरून न सांगता काढा.

प्रतिसाद ३
शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. चाळीत एकमेकांची दारं उघडी राहतात ती विश्वासावर. ताई, तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळतंच. एक करून बघा: फेब्रुवारीतला तो फोटो चार बाय सहाचा छापून आजींना द्या. त्यांना अजून ठाऊकच नसेल की तुम्हाला मेथीच हवी होती. आणि कधी फोन घरी ठेवून नुसतं शेजारी बसून एक जुडी निवडा.
नऊ दिवस रिकामे ठेवा. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ ला जाईपर्यंत रोज एक पोलरॉइड काढला. फोटो आहेत ६६९७, आणि दिवस मोजले तर ६७८४ भरतात. म्हणजे तिथेही दिवस सुटलेले आहेत. त्याच्या शेवटच्या वर्षातले आजारपणाचे फोटोही त्यात आहेत. तुम्ही त्या दिवसांत आईपाशी होतात, तारखेपुढे तेवढंच लिहा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. १/१०० ने पट्टे गेले. नऊ तारखांपुढे वहीत "आई हॉस्पिटलात" एवढंच लिहिलं.

आजींना फोटो दिला. खूप वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "माझे हात अगदी माझ्या आईसारखे दिसतात गं." आज साडी ठेवणीतलीच होती, पण परात बाहेर होती.

तारखांचं: फाइलच्या नावांवरून ३९ लागले. बहीण तेव्हा गावी लग्नाला होती, रेंज नव्हती, त्यामुळे ८ ते ११ मेचे चार फोटो एकाच दिवशी उतरले. त्यातल्या दोन फोटोंत आईच्या मागे कॅलेंडर दिसतंय. दूध आलं की आई त्या दिवसाच्या चौकोनात पेनाने अर्ध्या लिटरची खूण करते. मोठं करून बघितलं, एकात शेवटची खूण ८ वर, दुसऱ्यात ९ वर.

उरले दोन, एक नळाचा आणि एक दारातल्या चपलांचा. आईला दाखवले. ती लगेच म्हणाली, "चपलांचा रविवारचा. या बघ दादाच्या सँडल." दादा डोंबिवलीहून रविवारीच येतो. म्हणजे चपला ११ मेच्या, नळ १० चा.