उंच लोकांनो, जुनी गाडी कशी निवडलीत? अनुभव लिहा

माझी उंची सहा फूट चार इंच. नव्या गाडीचं बजेट नाही, म्हणून सेकंडहँड, पाच-सात वर्षं जुनी, फार खर्च न काढणारी अशी बघतोय. विकणारा मायलेज सांगतो, टायर नवीन टाकलेत सांगतो, गाणी लावून दाखवतो, आणि मी आत बसलो की डोकं छताला आणि उजवा गुडघा किल्लीच्या जुडग्याला. वर तो म्हणणार, सवय होईल साहेब! हेडरूमचे आकडे वाचून माझं तरी काही ठरत नाहीये. तर तुम्ही काय बघून घेतलीत, घेतल्यावर काय जाणवलं ते लिहा. नुसतं मॉडेलचं नाव नको, का बसते तेही सांगा.

—

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघेही सहा-तीन. उभे राहिलो तर सारखे, पण बसलो की मी त्याच्यापेक्षा चांगला चार बोटं वर, कारण माझं धड लांब आणि त्याचे पाय. त्यामुळे त्याला जी गाडी झकास बसते तिच्यात मी मान वाकडी करून बसतो आणि माझ्या गाडीत तो गुडघे पसरून. तेव्हा आधी भिंतीला टेकून खुर्चीवर बसा आणि बसल्या जागी उंची मोजा, मग कळेल तुम्ही कुठल्या गटातले. धड लांब असेल तर सीट किती खाली जाते आणि छत कुठे उतरायला लागतं हे बघायचं, पाय लांब असतील तर सीट किती मागे सरकते, स्टीअरिंग पुढे-मागे होतं का आणि मांडीखाली गादी कुठपर्यंत येते हे. त्या टॉलबॉय गाड्या उंच लोकांसाठी असतात हा एक गोड गैरसमज आहे. छत उंच असतं खरं, पण सीटही खुर्चीसारखी उंच लावलेली असते आणि मागे सरकायला जागा बऱ्याचदा बेताचीच. मला चालल्या, भावाला अजिबात नाही.

—

वरच्याशी सहमत. माझी भर व्हेरिएंटबद्दल. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमधे उंच माणसाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि ते कोणी सांगत नाही. टॉप मॉडेलला सनरूफ असतं, त्याची फ्रेम आणि सरकपट्टी छताखाली दोन ते पाच सेंटिमीटर खाते, आपल्याला नेमके तेवढेच कमी पडत असतात. अगदी खालच्या मॉडेलला सीटचा हाइट अ‍ॅडजस्टर नसतो आणि स्टीअरिंग फक्त वर-खाली होतं, म्हणजे टिल्ट आहे पण टेलिस्कोपिक (पुढे-मागे होणारं) नाही. तर मधलं मॉडेल शोधा, बिनसनरूफचं. जुन्या बाजारात ते स्वस्तही पडतं कारण सगळ्यांना सनरूफ हवं असतं :) आणि हाइट अ‍ॅडजस्टर म्हणजे बुटक्यांची सोय असं समजून लोक तो बघतच नाहीत, आपल्याला तो सीट खाली न्यायला लागतो. अजून एक, आधीच्या मालकाने घातलेली जाड सीट कव्हरं. मी मागच्या वर्षी गाडी बघताना मालकाला विनंती करून ड्रायव्हर सीटचं कव्हर काढायला लावलं, खाली आणखी एक जाडजूड गादी निघाली. ती काढल्यावर केस छताला लागेनात. तीच गाडी घेतली.

—

मी स्वतः पाच फूट, नवरा सहा-दोन, गाडी एकच. आमच्यासारख्यांना टेलिस्कोपिक स्टीअरिंग म्हणजे चैन नाही, गरजच आहे. ते नसेल तर त्याची सीट मागे गेली की हात ताणून चालवावं लागतं आणि मी पुढे आले की एअरबॅग छातीला चिकटते (स्टीअरिंगचा मधला भाग आणि छाती यात साधारण 25 सेंटिमीटर अंतर हवं म्हणतात, ते तरी पाळते). अजून एक गोष्ट जी गाडी बघताना कोणाला सुचत नाही. ड्रायव्हर सीट नवऱ्यासाठी मागे नेली की तिच्यामागे लहान मुलाचं मागे तोंड करून बसवायचं सीट मावतच नाही. ते सीट गाडी बघायला जाताना बरोबर न्या, लाजू नका. आम्ही नेलं, विकणारे काका हसले, पण दोन गाड्या जागच्या जागी बाद झाल्या. शेवटी मूल नवऱ्याच्या मागे नाही, शेजारच्या सीटच्या मागे बसतं. पुढे त्याच्या शेजारी बसायची वेळ आली की मी थोडी आखडून बसते, मला काय, पाच फूट!

—

मी गॅरेजवाला. लोकांच्या जुन्या गाड्या तपासून देतो, स्वतः सहा-एक. उंच गिऱ्हाईक आलं की मी आधी ड्रायव्हर सीट शेवटपर्यंत मागे ढकलतो. आधीचा मालक बुटका असेल तर सीटच्या रुळाचा मागचा भाग वर्षानुवर्षं वापरलेलाच नसतो, त्यात नाणी, माती, चॉकलेटचे कागद, काय वाट्टेल ते अडकलेलं. ते साफ करता येतं. पण रुळावर आणि सीटच्या नटांवर गंज दिसला तर सावध, गाडीत पाणी शिरलेलं असू शकतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की नमस्कार करून निघा. पाठीला रेलून जोरात हला, टेकू कटकट वाजत असेल तर रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे-पुढे कलती करायचा खटका, गेलाय.

बाकी नेहमीचं. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधे नोंदलेले बिघाड वाचायचं यंत्र) लावा, पण एरर नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा, नवे टायर म्हणतात ते किती नवे ते तिथे कळतं. टायमिंग बेल्टची (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा इंजिनातला रबरी पट्टा) गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. आणि 17 आकडी-अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं) बाकी आहे का बघा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवल्या होत्या, अजूनही न बदललेल्या फिरतात. काम कंपनी फुकट करून देते.

उंच माणसांना मी फोक्सवॅगन गोल्फ, स्कोडा ऑक्टाव्हिया बघायला सांगतो, सीट बरीच मागे जाते आणि स्टीअरिंग दोन्ही दिशांनी हलतं. पण सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (त्यांचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर हिस्टरी नीट बघून. त्या गिअरबॉक्ससाठी 2013 मधे चीनमधे मोठा रिकॉल झाला होता. मॅन्युअल असेल तर निवांत घ्या.

—

मॅन्युअल निवांत? दादा, तुम्ही सहा-एक आहात म्हणून! मी सहा-पाच. क्लच वर येताना डावा गुडघा स्टीअरिंगच्या खालच्या कडेला लागायचा आणि ट्रॅफिकमधे तर बघायलाच नको. ऑटोमॅटिक घेतली, साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा), जुन्या धाटणीचा, मायलेज थोडं कमी पण पाय मोकळा. डावा पाय टेकवायला डेड पेडल आहे का तेही बघा, नसेल तर पाऊल कुठे ठेवायचं कळत नाही. आणि किमान अर्धा तास चालवून बघा, दहा मिनिटांत सगळ्याच गाड्या छान वाटतात. मांडीखालची गादी आखूड असेल तर तासाभराने कंबर बोलायला लागते. माझी टेस्ट अशी, पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. खांदे सीटवरून उचलावे लागले तर गाडी नको.

—

सीटखाली एक्स्टेंडर पट्ट्या टाकून सीट अजून मागे नेतात, ते केलंय का कोणी? माझ्या डोक्यात तेच चाललंय.

—

गॅरेजवाला परत. पट्ट्या मिळतात, पण मी लावून देत नाही. सीट, बेल्ट, एअरबॅग हे सगळं मूळ नटबोल्टच्या जागेवर धरून तपासलेलं असतं, बाजारातली पट्टी अपघातात किती तग धरेल याची खात्री मी कशाच्या जोरावर देऊ? फोम कापून सीट खाली करायचं असेल तर चांगल्या कुशनवाल्याकडून फक्त बसायच्या गादीचा थोडा काढून घ्या. पाठीच्या कडेला हात लावायचा नाही, बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग तिथेच असते. आणि हो दादा, सहा-पाचला क्लच जड जातो, मान्य :)

—

हेडरेस्ट राहिलं की सगळ्यांचं. उंच माणसाला ते मानेशी येतं, मागून धडक बसली तर मान त्यावरून मागे जाते. शेवटच्या खाचेपर्यंत वर ओढा, वरची कड डोक्याच्या टोकाजवळ आली पाहिजे, निदान कानाच्या वर. काही सीटना ते सीटमधेच घडवलेलं असतं, वर होतच नाही, अशी गाडी मी सोडली. बेल्टची खांद्याजवळची कडी वर सरकते का तेही बघा.

—

आणि सिग्नल! सीट खाली नसेल तर काचेची वरची कड डोळ्यांसमोर येते आणि पहिल्या नंबरला उभं राहिलं की लाल आहे का हिरवा ते वाकून बघावं लागतं. आतला आरसाही असा आडवा येतो की वळताना एका बाजूची अख्खी गाडी त्याच्यामागे लपते. चौकात थांबून बघितल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह संपवू नका. मूळ लेखकाला विचारतो, तुम्ही बसून उंची मोजलीत का? तो आकडा इथे टाका, मग नावं सुचवतो.